माहिती चौकट : सुरतच्या वर्गात संविधानाचा शोध

खानदेशातून कामासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली भागात राहतात. महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमाच्याही शाळा चालवते. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी शोधाचा प्रश्न दारातच आहे : आपली भाषा शाळेत असणे हा हक्क आहे का?

तरतुदी वाचा
• अनुच्छेद २९ : आपली भाषा, लिपी, संस्कृती जपण्याचा हक्क.
• अनुच्छेद ३५०क : भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयी, १९५६ च्या ७ व्या दुरुस्तीने समाविष्ट.
• अनुच्छेद २१क : ६ ते १४ वयोगटाला मोफत व सक्तीचे शिक्षण, २००२ ची ८६ वी दुरुस्ती.

दुसरी बाजू तपासा
• २०१४ : सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निर्णय, प्राथमिक शिक्षणात मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती सरकारला करता येत नाही.
• २०२३ : गुजरातचा कायदा, पहिली ते आठवीपर्यंत गुजराती विषय अनिवार्य.

पुरावा गोळा करा
• पालक, शिक्षक यांच्या मुलाखती घ्या. वस्तीपासून मराठी शाळेचे अंतर मोजा.
• पटसंख्येची आकडेवारी शिक्षकांमार्फत माहिती अधिकाराखाली मागवा. उत्तराची मुदत ३० दिवस.

निष्कर्ष मांडा
• वर्गाचे दोन गट करा. प्रत्येक दाव्याला अनुच्छेद आणि पुरावा जोडा.

शिक्षकांनी उत्तर आधी सांगू नये. २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनी उद्देशिकेच्या वाचनासोबत मुलांचे हे निष्कर्षही शाळेत मांडू द्यावेत.