रक्ताचा रिपोर्ट आणि लघवीचा त्रास

करमाडच्या बाजाराला जायचं म्हटलं, की आपल्यातल्या कितीतरी वयस्कर बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. वाटेत लघवी लागली तर? खोकताना थेंब गळतात, हे त्या लेकीलाही सांगत नाहीत. पण पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, जंतुसंसर्गाला वाव मिळतो.

पाळी गेल्यावर लघवीची जागा नाजूक होते, स्नायू सैल पडतात. हा वयाचा भोग नाही, यावर इलाज आहे. लघवी रोखल्यासारखे स्नायू आवळायचे, पाच मोजायचे, सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने करायचं.

आता रक्ताचा रिपोर्ट. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त असेल तर मधुमेहाची शंका. साखर वाढली की लघवी वारंवार होते. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. क्रिएटिनिन मूत्रपिंडाचं काम सांगतं. पण ते स्नायूंतून तयार होतं, म्हणून अंगानं वाळलेल्या आजीचा आकडा बरा दिसला तरी मूत्रपिंड थकलेलं असू शकतं. डॉक्टरांना 'ईजीएफआर किती?' असं विचारू. तो तीन महिने ६० च्या खाली राहिला तर मूत्रपिंडाला जपायचं, अंगदुखीच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत.

जळजळ असेल तर रक्तासोबत लघवीही तपासायची. लघवीत रक्त, थंडीताप किंवा लघवी अडणं, यात एक दिवसही थांबायचं नाही. गटाच्या पुढच्या बैठकीला घरच्या आजीचा रिपोर्ट घेऊन या, सगळ्या मिळून वाचू.