शफकचे रंग आणि आबालाल रहिमान

‘सूर्यास्ताचे चित्र काढा’ असे सांगितले की कोणत्याही वर्गात एकच चित्र तयार होते. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, त्याला काड्यांसारखे किरण, वर चार पक्षी आणि सगळे आभाळ एकसारखे तांबडे. आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले येथे शिकवतो. इथे मान वर केली की पश्चिमेला सह्याद्रीची रांग दिसते, गावालगत प्रवरा वाहते. तरी वहीत उतरतात ते छापील त्रिकोणच.

अशा वेळी आम्ही मुलांना आबालाल रहिमान यांच्याविषयी सांगतो. कोल्हापूरचे हे मराठी मुसलमान चित्रकार. घरात कुरआन शरीफच्या प्रती हाताने लिहिण्याची परंपरा होती, म्हणजे बोरू आणि शाई यांची ओळख लहानपणापासूनची. १८८०च्या दशकात ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. पुढे कोल्हापुरातच राहिले, राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. कोटितीर्थ तलाव, रंकाळा, पंचगंगेचा काठ हेच त्यांचे विषय. सकाळी निराळे पाणी, संध्याकाळी निराळे. त्याच त्या जागी ते पुन्हा पुन्हा गेले, कारण जागा तीच असली तरी उजेड तोच नव्हता.

तिकडे फ्रान्समध्ये क्लोद मोने यांचे हेच वेड होते. १८७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचे बंदरावरच्या सूर्योदयाचे चित्र लागले आणि त्याच्या नावावरून टीकाकाराने थट्टेने जो शब्द वापरला, तो पुढे एका पंथाचे नाव झाला : इम्प्रेशनिझम, मराठीत दृक्प्रत्ययवाद. वस्तू कशी आहे यापेक्षा त्या घटकेला डोळ्यांना कशी दिसली, ते रंगांच्या लहान लहान फटकाऱ्यांनी मांडायचे. मोने यांनी गवताच्या गंजी वेगवेगळ्या वेळी रंगवल्या, त्यांत मावळतीच्याही आहेत. आमच्याकडे भाताच्या पेंढ्याच्या गंजी दारोदार असतात. त्यांचे कोणी चित्र काढत नाही, हा भाग वेगळा. आबालाल पॅरिसला कधी गेले नाहीत. तरीही जाणकारांना त्यांच्या निसर्गचित्रांत या पंथाशी साम्य दिसते.

आता घरातली अडचण. आठवीतल्या एका मुलीची चित्रकलेची वही तिच्या अब्बांनी माळ्यावर टाकली. रंगांवर खर्च, वर गुनाह. त्यांच्याशी वाद घालण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही शिक्षक आहोत, मुफ्ती नाही. सजीवांच्या चित्रांबाबत उलमांनी सांगितलेले त्यांना ठाऊक होते, आम्हालाही आहे. पण सहीह बुखारीत चित्रे काढून पोट भरणाऱ्या एका माणसाची रिवायत आहे. तो हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला झाडे आणि ज्यांत जीव नाही अशा वस्तू काढण्याची वाट दाखवली. आभाळ त्या वाटेवरच आहे. आबालाल यांनी माणसांचीही चित्रे काढली, हे लपवायचे कारण नाही. पण आज त्यांचे नाव निघते ते मुख्यतः पाणी, झाडे आणि उजेड यांच्यासाठी.

शिवाय मावळतीचे रंग पाहणे आपल्याला नवे कुठे आहे? मगरिबची वेळ शफक मावळेपर्यंत. शफक म्हणजे आभाळातली लाली, की लालीनंतर उरणारी सफेदी? इमाम अबू हनीफा यांनी सफेदी मानली, इमाम शाफई आणि त्यांच्या स्वतःच्या दोन्ही थोर शागिर्दांनी लाली. नमाजेच्या वेळेसाठी आमच्या बुजुर्गांनी आभाळाचे रंग इतके बारकाईने वेगळे केले. कुरआनात सूरह इन्शिकाकमध्ये याच शफकची शपथ आली आहे. हे सांगितल्यावर त्या अब्बांनी वही खाली काढली. रंगपेटीचे मात्र अजून नक्की नाही.

मग पाहायचे कसे? सूर्य डोंगराआड गेला म्हणजे तो बुडालाच असे नाही. अकोल्यात तो रांगेमागे लवकर दिसेनासा होतो, म्हणून रोजा सोडताना आपण वेळापत्रक पाहतो. चित्राचा खरा माल तर त्यानंतर येतो. सूर्य खाली गेला की त्याच्या उजेडाला हवेचा जास्त लांबचा पल्ला कापावा लागतो. त्यात निळा उजेड वाटेतच विखुरतो, पिवळा-तांबडा आपल्यापर्यंत पोहोचतो. सूर्य बुडाल्यावर थोडा वेळ ढगांना खालून उजेड लागतो, पोटे गुलाबी आणि पाठी राखाडी होतात. नुसता तांबडा रंग त्या वेळी कुठेच नसतो. डोंगर काळे नसतात, निळसर जांभळे असतात.

मुलांना आम्ही आणखी एक सांगतो : एकदा सूर्याकडे पाठ करा. पूर्वेला, संगमनेरच्या बाजूला, क्षितिजालगत एक निळसर राखाडी पट्टा वर चढताना दिसेल आणि त्याच्यावर फिकट गुलाबी कड. ती पृथ्वीची स्वतःची सावली आहे.

कागद आधी ओला करा. पिवळा खालून आणि निळा वरून घ्या, पण मध्ये गुलाबीची जागा सोडा. ओला निळा पिवळ्यात उतरला तर आभाळ हिरवे होते. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले, तेव्हा दुःखाने आबालाल यांनी आपली पुष्कळ चित्रे कोटितीर्थात सोडली, असे सांगतात. १९३१ साली ते वारले. कोल्हापूरला जाणे झाले तर टाउन हॉलच्या संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत. मुलांना घेऊन जा, आणि संध्याकाळ रंकाळ्यावर काढा.