संगणकाच्या घरी पाहुणा

तुमच्या घरी पाहुणा आला, तर तुम्ही काय करता? त्याला बसायला जागा देता, जेवू घालता. उर्दूत पाहुण्याला मेहमान आणि यजमानाला मेजबान म्हणतात. संगणकाच्या जगातही असे मेहमान आणि मेजबान असतात. कसे, ते पाहू या.

संगणकाचे सारे काम एका मुख्य प्रोग्रॅमच्या हुकमाने चालते. त्याला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही एक कार्यप्रणाली आहे. लिनक्स ही दुसरी. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा तयार केला.

समजा, शाळेच्या संगणकावर विंडोज आहे आणि तुम्हांला लिनक्स शिकायचे आहे. विंडोज काढून लिनक्स बसवले, तर सर्वांचे काम पुसले जाईल. मग काय करावे? संगणकाच्या आतच दुसरा, आभासी संगणक तयार करावा! ही युक्ती जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० नावाची अशी प्रणाली आणली. आपल्या साध्या संगणकावर हेच काम व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्रॅम करतो. तो फुकट मिळतो.

प्रथम व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवा आभासी संगणक तयार करा. त्याला किती मेमरी आणि डिस्कवर किती जागा द्यायची, हे तुम्हीच ठरवायचे असते. तुमच्या संगणकाची मेमरी ८ जीबी असेल, तर पाहुण्याला ४ जीबीपेक्षा जास्त देऊ नका. यजमानच उपाशी राहिला, तर पाहुण्याचेही हाल होतात.

पूर्वी कार्यप्रणाली सीडीवर मिळत असे. आता त्या सीडीसारखीच एक फाइल मिळते. तिला आयएसओ फाइल म्हणतात. लिनक्सची अशी फाइल आभासी संगणकाला जोडा आणि तो सुरू करा. भाषा कोणती, कळफलक कोणता, असे प्रश्न एकेक करून येतील. त्यांची उत्तरे देत जा.

मध्येच एक प्रश्न येईल : 'डिस्क पूर्ण पुसून टाकू का?' तो वाचून छातीत धस्स होते. पण घाबरू नका. पाहुण्याची डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची केवळ एक मोठी फाइल असते. पुसले जाईल ते तिच्यातलेच. यजमानाच्या वस्तूंना धक्का लागणार नाही. मात्र हाच प्रश्न खऱ्या संगणकावर आला आणि तुम्ही 'हो' म्हणालात, तर सारे काही खरोखरच जाईल! म्हणून उत्तर देण्यापूर्वी आपण कोणाच्या घरात आहोत, हे नीट पाहा. शंका वाटली, तर थांबा आणि शिक्षकांना विचारा.

काम पुरे झाल्यावर आयएसओ फाइल काढून घ्या. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून तेच प्रश्न सुरू होण्याचा संभव असतो.

आता पाहुण्याच्या घरात खुशाल प्रयोग करा. काही बिघडले, तर तो आभासी संगणक काढून टाका आणि नवा तयार करा. चुकत चुकतच माणूस शिकतो. फक्त आपल्या चुकीने दुसऱ्याचे नुकसान होऊ नये, एवढी काळजी घ्यावी.