फाइल उडवल्या, तरी डिस्क भरलेलीच! लिनक्सवर जागा नेमकी अडते कुठे?

लॅपटॉपवर ‘जागा संपली’ असा इशारा येतो. घाईघाईने मोठ्या फाइल डिलीट होतात, ट्रॅश रिकामा होतो. तरी मोकळ्या जागेचा आकडा हलत नाही. मग वैतागून थेट फॉरमॅट! बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

हा गोंधळ होतो तो ‘बीटीआरएफएस’सारख्या स्नॅपशॉट घेणाऱ्या फाइल सिस्टिमवर. (काही जण तिला गमतीने ‘बटर एफएस’ म्हणतात.) ओरॅकलमध्ये २००७ मध्ये तिचे काम सुरू झाले आणि २००९ मध्ये ती लिनक्स कर्नलमध्ये आली. ओपनसुसेमध्ये २०१४ पासून, तर फेडोराच्या डेस्कटॉप आवृत्तीत २०२० पासून ती आपोआपच मिळते.

जुनी ओळ खोडतच नाही

अशी वही समजा, जिच्यात चूक झाली की जुनी ओळ न खोडता नवी ओळ दुसरीकडे लिहितात. स्नॅपशॉट म्हणजे ‘या क्षणी कोणत्या ओळी चालू होत्या’ याची नोंद. त्यामुळे तो क्षणात निघतो आणि सुरुवातीला जवळपास जागाच घेत नाही. जागा नंतर अडते. ५ जीबीची फाइल तीन स्नॅपशॉटमध्ये असेल, तर ती डिलीट करून किंवा त्यातला एक स्नॅपशॉट काढूनही काही सुटत नाही. तिन्ही गेल्यावरच ५ जीबी परत मिळतात.

ओपनसुसेमध्ये ‘स्नॅपर’ हे टूल प्रत्येक सॉफ्टवेअर अपडेटच्या आधी आणि नंतर सिस्टिमचा स्नॅपशॉट घेते. तिथे ‘होम’ फोल्डर मुळातच वेगळा ठेवलेला असतो. म्हणजे फोटो-सिनेमे उडवले की ती जागा सुटते, पण अपडेटनंतर बाद झालेली जुनी पॅकेजेस मात्र मागे साठत राहतात. ‘होम’चेही स्नॅपशॉट सुरू केले असतील, तर तिथेही तोच प्रकार.

आधी पाहा, मग पुसा

‘डीएफ’ ही नेहमीची कमांड इथे पुरेशी नाही. ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टम यूसेज’ ही कमांड खरे चित्र दाखवते. ही सिस्टिम डिस्कचे साधारण १ जीबीचे तुकडे पाडून वापरते. काही डेटासाठी, काही मेटाडेटासाठी, म्हणजे फाइलींच्या नोंदींसाठी. सगळे तुकडे डेटाने अडवले की नोंदींना जागा उरत नाही. मग डीएफ काही जीबी मोकळे दाखवत असतानाही ‘जागा नाही’ असा एरर येतो. पुसण्याची नोंदही नव्या जागी लिहावी लागत असल्याने कधी कधी साधे डिलीटसुद्धा अडते.

‘स्नॅपर लिस्ट’ने यादी काढून सर्वांत जुने स्नॅपशॉट आधी काढावेत. ते स्नॅपरमधूनच काढावेत, फोल्डर उघडून हाताने पुसू नयेत. जागा लगेच दिसत नाही. साफसफाई मागे चालू राहते आणि तोवर मशीन संथ वाटू शकते. त्यानंतरही तुकडे अडलेले दिसले तर ‘बॅलन्स’ चालवावे, पण १० टक्क्यांपर्यंतच भरलेले तुकडे एकत्र करण्याची मर्यादा घालून. मर्यादा न घालता ते चालवले तर कित्येक तास लागू शकतात.

डिफ्रॅगचा सापळा

मशीन हळू चालते म्हणून डिफ्रॅग करणे ही विंडोजची जुनी सवय. इथे ती महागात पडते. डिफ्रॅग फाइल नव्याने लिहिते, स्नॅपशॉटमधली जुनी प्रत तशीच राहते आणि एकाच फाइलची जागा दोनदा लागते. संथपणाचे मूळ अनेकदा व्हर्च्युअल मशीनच्या किंवा डेटाबेसच्या फाइलींत असते, कारण त्यांत सतत छोटे बदल होतात आणि फाइल विखुरते. अशा फाइलींसाठी वेगळा रिकामा फोल्डर करून त्यावर ‘चॅटर प्लस सी’ लावतात. त्या बदल्यात फाइल बिघडली आहे का हे तपासणारी चेकसमची सोय तिथे मिळत नाही.

सगळेच स्नॅपशॉट मात्र उडवू नयेत. अपडेट फसले, तर ओपनसुसेच्या बूट मेनूतून कालची चालू सिस्टिम निवडता येते ती त्यांच्यामुळेच. मात्र ते त्याच डिस्कवर असतात. डिस्क गेली की तेही गेले. फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवावीच लागते.