लो-फॅट टुना सॅलड: आधी हिशोब, मग लेबल

मी दुकानात सॅलडचे डबे ठेवायला सुरुवात केली तेव्हा टुना सॅलडवर बिनधास्त ‘लो-फॅट’ असं लिहिलं होतं. जिमला जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, “दादा, फॅट नक्की किती?” मला उत्तर देता आलं नाही. डब्यात मेयोनेज होतं! त्याच दिवशी लेबलं काढली आणि वजनकाटा घेऊन बसलो.

नियम आधी समजून घ्या. एफएसएसएआयच्या नियमांप्रमाणे घन पदार्थात 100 ग्रॅममागे 3 ग्रॅमपेक्षा जास्त फॅट असेल, तर त्याला ‘लो-फॅट’ म्हणता येत नाही.

साहित्य (दोन डबे)
- पाण्यातला टुना, 1 कॅन (निथळून साधारण 130 ग्रॅम)
- डबल टोन्ड दुधाचं दही, 200 ग्रॅम
- काकडी 100, ढोबळी मिरची 70, कांदा 50 ग्रॅम
- लिंबू, मिरपूड, कोथिंबीर

कृती
1. दही मलमलच्या कापडात बांधून दोन-तीन तास फ्रिजमध्येच टांगा. साधारण 100 ग्रॅम चक्का मिळतो.
2. काकडीच्या बिया काढा, बारीक चिरा, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटांनी पिळा. हे टाळलंत तर संध्याकाळी डब्यात पाणीच पाणी!
3. टुना चाळणीत दाबून निथळा आणि काट्याने मोकळा करा.
4. सगळं एकत्र करा. टुना आधीच खारट असतो, म्हणून चव बघूनच मीठ घाला.

आता हिशोब
टुनातून साधारण दीड ग्रॅम, चक्क्यातून 3 आणि भाज्यांतून अर्धा, म्हणजे 450 ग्रॅम सॅलडमध्ये 5 ग्रॅम फॅट. 100 ग्रॅममागे जेमतेम 1.1 ग्रॅम. पास!

चक्क्याऐवजी साध्या मेयोनेजचे फक्त दोन मोठे चमचे घातले तर? त्यातच साधारण 20 ग्रॅम फॅट असतं. 100 ग्रॅममागे आकडा 5 च्या वर जातो. म्हणजे दोन चमच्यांत तुमचं लेबल खोटं पडतं. तेलातला टुनाही घेऊ नका. निथळला तरी त्यात पाण्यातल्या टुनापेक्षा कितीतरी जास्त फॅट राहतं.

विकायचं असेल तर
- हा घरचा हिशोब अंदाजासाठी आहे. लेबलवर दावा करण्याआधी मान्यताप्राप्त लॅबमधून तपासणी करून घ्या. एफएसएसएआय नोंदणीशिवाय विक्री नको.
- मासे आणि दूध, दोन्ही ॲलर्जीचे घटक आहेत. लेबलवर स्पष्ट लिहा.
- उघडलेल्या कॅनमध्ये टुना ठेवू नका, काचेच्या डब्यात काढा. सॅलड 5 अंशांखाली ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. टुना गरम हवेत राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही आणि वासावरून दर वेळी कळतही नाही. म्हणून डिलिव्हरीला बर्फाची बॅग हवीच.
- कॉस्टिंगमध्ये सगळ्यात महाग कॅनच असतो. एका कॅनमधून दोनच डबे निघतात, हे धरूनच भाव ठरवा. डबा, बर्फ आणि न खपलेला माल विसरू नका.

या रविवारी एकदा घरी करून बघा. प्रत्येक गोष्ट तोला, वहीत लिहा. गिऱ्हाइकाने “किती?” विचारलं, की तुमच्याकडे आकडा तयार पाहिजे. धंद्यात विश्वास तिथूनच सुरू होतो.