डोक्याला मार : खरा खर्च डिस्चार्जनंतर

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात, आणि सुरत-नागपूर रस्ता पुढे जळगाव-भुसावळकडे जातो. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेला रुग्ण खानदेशातल्या दवाखान्यांना त्यामुळे नवा नाही. ऑपरेशन झाले, शुद्धीवर आला, की नातेवाइकांना वाटते संकट टळले. तोवर उसनवारीचा सगळा पैसा संपलेला असतो, आणि खर्चाचा लांब पल्ला तर पुढेच असतो.

रुग्ण कितपत सुधारेल हे आधी मार किती जबर आहे यावर ठरते. डोळे उघडणे, बोलणे, हातपाय हलवणे पाहून डॉक्टर ३ ते १५ गुण देतात. ग्लासगो येथे १९७४ साली निघालेली ही पद्धत; ८ किंवा कमी गुण म्हणजे मार गंभीर. शुद्धीवर आल्यावरही सकाळी कोण भेटून गेले हे रुग्ण दुपारी विसरत असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे. हा गोंधळ जितके दिवस टिकतो तितकी सुधारणा सावकाश. तरुण माणूस म्हाताऱ्यापेक्षा बरा सावरतो.

या गोष्टी आपल्या हातात नाहीत. घरची शुश्रूषा मात्र आहे. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, आणि नेमके तेव्हाच आपण 'विश्रांती घेऊ द्या' म्हणून रुग्णाला पाडून ठेवतो. सांधे आखडतात, पाठीला जखमा होतात, आणि त्या जखमांपायी पुन्हा दवाखाना. दर दोन तासांनी कूस बदलावी. नळीने अन्न देताना डोके उंच ठेवावे. फिजिओथेरपिस्ट रोज परवडत नसेल तर त्याच्याकडून घरच्या दोघांनी व्यायाम शिकून घ्यावेत. फिटच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. दारू पूर्ण वर्ज्य.

चालू-फिरू लागलेला माणूस चिडका, विसरभोळा, संशयी होतो. घरचे म्हणतात, बाहेरचे काही लागले, आणि भगताकडे नेतात. ती मेंदूच्या इजेचीच खूण आहे. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. दिवसाची कामे ठरावीक वेळी, एका वेळी एकच सांगावीत. ट्रॅक्टर आणि विहीर यांपासून डॉक्टर सांगेपर्यंत लांब ठेवावे.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून दवाखान्यातील खर्चाचा भार हलका होतो. पण शुश्रूषेसाठी घरी बसलेल्या बायकोची किंवा भावाची बुडालेली मजुरी कोणतीच योजना देत नाही. ती मोटार अपघात दाव्यात मागता येते. मेंदूला इजा झालेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दोन मदतनिसांचा पुढील अनेक वर्षांचा खर्च भरपाईत धरला. त्यासाठी पोलिसांची कागदपत्रे, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची बिले जपून ठेवावीत. २०२२ पासून कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. म्हणून रुग्ण अंथरुणावर असतानाच वकिलाला गाठावे.