सीडी गेली, पेन ड्राइव्ह आला

एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात विंडोज एक्सपी बाजारात आली. चंद्रपूर-गडचिरोलीत तालुक्याच्या गावी संगणकाचे वर्ग दिसू लागले ते यानंतर. यंत्र येणं एक, ते चालू राहणं दुसरं. व्हायरस शिरला, मशीन अडकायला लागलं, की विंडोज नव्यानं मारायची आणि त्यासाठी सीडी लागायची.

इथल्या धुळीत सीडी फार टिकत नसे. चरा पडला, की फायली कॉपी होता होता काम अडायचं. तासभर चालणाऱ्या त्या कामात भारनियमनानं लाइट गेली, तर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे आतल्या गावचा सीपीयू पोत्यात बांधून एसटीनं चंद्रपूरला नेणं हाच उपाय असायचा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडची वाटच बंद, मग दुरुस्तीही पूर ओसरल्यावरच.

एक्सपीची आणखी एक अडचण मला जास्त खटकते. तिच्यात युनिकोड मराठी नीट दिसण्यासाठी भाषांचा वेगळा भाग बसवावा लागे आणि तो बसवताना मशीन पुन्हा मूळ सीडी मागे. विंडोज बसवून जाणारा ती सीडी सोबत घेऊन गेलेला असायचा. मग कार्यालयातला माणूस जुन्या फाँटमध्येच टाइप करत राहायचा आणि तो फाँट नसलेल्या दुसऱ्या मशीनवर त्याचं पत्र वाचता यायचं नाही.

२००९ च्या ऑक्टोबरात विंडोज ७ आली. डीव्हीडीची प्रत पेन ड्राइव्हवर चढवण्याचं साधन मायक्रोसॉफ्टनं त्याच सुमारास दिलं, २०११ मध्ये रूफस हा छोटा फुकट प्रोग्राम आला. चार जीबीचा पेन ड्राइव्ह पुरू लागला. धूळ, चरे यांची भीती गेली, वेळही बराच कमी झाला, म्हणजे दोन भारनियमनांच्या मधल्या वेळात काम उरकण्याची शक्यता वाढली. विंडोज ७ मध्ये मराठीसाठी वेगळी सीडी लागत नव्हती. आणि जिथे नेट रांगत होतं, तिथे काही जीबींची फाइल उतरवत बसायची गरज राहिली नाही. चंद्रपुरात एकदा उतरवलेली प्रत अहेरी, एटापल्ली, सिरोंच्यापर्यंत खिशातून जाऊ लागली. रस्ता आणि वीज सुधारण्याआधी इथल्या संगणकांना स्वावलंबी केलं ते या बोटभर वस्तूनं, असं मी मानतो.

२०१२ नंतरच्या मशीनांत मशीन सुरू करणाऱ्या बायॉसच्या जागी यूईएफआय आलं, तेव्हा नवा घोळ झाला. जुन्या पद्धतीनं बनवलेला पेन ड्राइव्ह सुरू व्हायचा, पण या डिस्कवर विंडोज बसत नाही असा संदेश यायचा. खरं तर रूफसमध्ये जीपीटी हा डिस्कच्या मांडणीचा पर्याय निवडून पेन ड्राइव्ह पुन्हा बनवला, की भागत होतं. घाईतला माणूस मात्र सगळी पार्टिशन्स उडवून मोकळा व्हायचा. त्यात सी ड्राइव्हवरचंच नव्हे, डी ड्राइव्हवर जपलेलंही जायचं. ग्रामसभेचे तेंदूपानाचे, बांबूचे हिशेब किंवा शाळेच्या याद्या अशा डिस्कवर असतील, तर ते नुकसान कोणत्याही पैशानं भरून येत नाही. आधी डेटा काढून घेतला का, हे न विचारता फॉरमॅट मारणाऱ्याला मी कारागीर म्हणत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट असूनही असंख्य जुनी यंत्रं बाद ठरतात. शाळांतली आणि वाचनालयांतली अशी यंत्रं भंगारात जाऊ नयेत. चार जीबी रॅम असेल, तर लिनक्स मिंट त्यांवर चालतं. परवान्याचे पैसे नाहीत, चोरीची प्रत वापरायची वेळ नाही, इनस्क्रिप्टनं मराठी टाइपही करता येतं. शिवाय ते डिस्कला हात न लावता थेट पेन ड्राइव्हवरून सुरू होतं. विंडोज उघडतच नसलेल्या मशीनमध्येही डिस्क शाबूत असेल, तर हिशेब आणि याद्या आधी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवता येतात, बसवायचं की नाही ते मग ठरवावं.